धुतलेल्या थैल्या

नव्या कॉम्प्युटरने अब्दुल गनींना सरळ नाही म्हटलं, तेव्हा मला मनापासून बरं वाटलं. प्लास्टिकचा वास येणाऱ्या त्या कोऱ्या पडद्यावर एक छोटी चौकट उघडली, तिच्यात लाल फुली आणि इंग्रजीत एक ओळ. ॲक्सेस इज डिनाइड. गनीभाईंनी कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला, ओळ ओठ हलवत वाचली, ओके दाबलं आणि पुन्हा त्याच फोल्डरवर टिचकी मारली. पुन्हा तीच चौकट. "आत जाऊ देत नाई ताई," ते म्हणाले. मी शेजारच्या टेबलावर हरभऱ्याच्या बियाण्याची यादी करत होते, मान वर न करता म्हणाले, "जुनंच आहे ना सगळं. राहू द्या." "राहू कसं देता? भाऊईनं सांगतलं, जुनं सारं नव्यात आना." भाऊ म्हणजे उत्तमराव, मेहकरातल्या या कृषी केंद्राचे मालक. बियाण्याचा परवाना नव्याने करायचा होता आणि त्यासाठी २००६ साली कंपनीने मेलवर पाठवलेलं विक्रेत्याचं पत्र हवं होतं. त्याचा छापलेला कागद हरवला होता. हरवणारच. या दुकानात उंदरांना आपलं बीळ सापडत नाही, तिथे तीन वर्षांपूर्वीचा कागद कुठून सापडणार? ते पत्र आता फक्त जुन्या डिस्कवर होतं, माझ्या नावाच्या 'अर्पिता' फोल्डरात. जुना कॉम्प्युटर मागच्या सोमवारी धूर सोडून मेला, तेव्हा मी पेढे वाटायचेच काय ते बाकी ठेवले होते. पण गनीभाईंनी त्याचं पोट उघडलं, डिस्क बाहेर काढली, शर्टाच्या बाहीने पुसली, नव्याला जोडली आणि म्हणाले, "जीव हाये याच्यात."

मला हा माणूस आवडत नाही. का ते सांगता येईल. तो कधी घाई करत नाही, कधी चिडत नाही, चहा आणला तर आधी 'तुम्ही घेतला का' विचारतो. मूळचा साखरखेर्ड्याचा. तहसील कचेरीच्या मागे त्याचं टाइपरायटर दुरुस्तीचं दुकान होतं. अर्ज टंकणाऱ्यांच्या सगळ्या मशिनी त्याच्या हाताखालून गेलेल्या. मग टाइपरायटर संपले आणि पन्नाशीला आलेला हा माणूस आपल्या मुलीच्या, यास्मीनच्या, पुस्तकांवरून कॉम्प्युटर शिकला. मी पंचविशीत पुण्याला जाऊन वर्षभर जे शिकले आणि विसरले, ते याने इथे बसून शिकून घेतलं, याचाही राग असेल. पुण्याचं एक वर्ष म्हणजे होस्टेलची खोली, चार मुली, आणि मी पहिल्याच रात्री 'मले पानी दे' म्हटल्यावर त्या चौघींचं उशीत तोंड खुपसून हसणं. त्या रात्रीपासून मी 'मला' म्हणते. हिवरा आश्रमला घरी आईशीसुद्धा 'मला' म्हणते. आई आधी घाबरली, मग सवय झाली तिला. दुकानात बियाणं न्यायला येणारी माणसं माझ्याशी बोलताना जरा सावरून बसतात, आणि मला ते हवंच असतं. जवळ आलं की माणसं मागायला लागतात.

"हे कोनीतरी प्रायव्हेट करून ठेवलं," गनीभाई म्हणाले. "पासवर्ड टाकला, वरून कुलूप लावलं. तुम्हीच केलं असन ताई, तुमचंच नाव हाये. काही आठवते का?" "नाही," मी म्हणाले. टेबलाखाली माझी बोटं गुडघ्यावर तो पासवर्ड टाइप करत होती, न चुकता. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. माझ्या मनात तर ते तीन वर्षं मावळलंच नव्हतं. त्या फोल्डरात काय आहे हे जगात एकट्या मला ठाऊक होतं. त्यात मेलचा सगळा पसारा होता, त्या पसाऱ्यात 'आउटबॉक्स' नावाचा कप्पा होता आणि त्या कप्प्यात एकेचाळीस मेल होते. लिहिलेले, पत्ता घातलेले, पाठवा म्हणून बटण दाबलेले आणि कधीही न गेलेले.

२००६ साल, कंपनीने बोंडअळी लागत नाही म्हणून डोक्यावर घेतलेल्या बीटी कापसाच्या बियाण्याचा चौथा की पाचवा हंगाम. गावोगाव जीपवर भोंगे लावून थैल्या विकल्या. अळी खरंच लागली नाही, कारण अळीला खायला बोंडच नव्हतं. जानेफळच्या शिवारात पऱ्हाटी माणसाच्या डोक्यावर गेली, हिरवीगार, आणि पातं धरलं की गळायचं. सप्टेंबरात एक दिवस पंचफुला दुकानात आली. मावशी म्हणायचे मी तिला, सगळेच म्हणायचे. चार एकर स्वतः कसणारी बाई, नवरा कीर्तनाच्या नादी, घरात कमी आणि बाहेर जास्त. तिने डोक्यावरून एक गाठोडं उतरवलं आणि माझ्या टेबलावर सोडलं. आत रिकाम्या थैल्या. एकेचाळीस घरांतून गोळा केलेल्या, त्यातल्या निम्म्या तर लोकांनी काठीला बांधून पाखरं हाकायला शेतात उभ्या केल्या होत्या, तिथून सोडवून आणलेल्या. प्रत्येक थैली सोड्याच्या पाण्यात धुतलेली, दोरीवर वाळवलेली, घडी घातलेली. "कचेरीत मातीची वस्तू कशी न्यावं म्हनलं बाप्पा," ती म्हणाली. कंपनीकडे करायच्या तक्रारीला थैलीवरचा लॉट नंबर लागतो आणि तो नंबर शाईचा शिक्का असतो. बाईने घासून घासून एकेचाळीस थैल्यांवरचे नंबर उडवले होते. मी तिच्यावर ओरडले. काय काय बोलले ते आठवत नाही, पण ती खाली मान घालून थैल्यांच्या घड्या पुन्हा घालत राहिली ते आठवतं. घडी घालायचं काहीच कारण नव्हतं.

मग मलाच काय वाटलं कोण जाणे. त्यातल्या एका थैलीवर, तिच्या स्वतःच्या, नंबराची सावली राहिली होती. उन्हाकडे धरली तर दिसायची. लॉट सगळ्यांचा एकच होता. दुकानात नवा स्कॅनर आला होता, मी त्यावर ती थैली ठेवली आणि जितका मोठा, जितका स्पष्ट फोटो निघेल तितका काढला. पडद्यावर नंबराचा एकेक आकडा माझ्या तळहाताएवढा दिसायला लागला. "दिसला वं माय!" पंचफुला टाळ्या पिटायचीच राहिली. मी हसले नाही, पण छाती फुगली हे खरं. तो फोटो मी तिच्या तक्रारीला जोडला आणि तिची तक्रार सगळ्यांत पहिली ठेवली. मागे बाकीच्या चाळीस. आठवडाभर बसून एकेकाचं नाव, गट नंबर, किती पेरलं, काय झालं, सगळं टाइप केलं. तेव्हा दुकानात फोनची एकच लाइन होती. दिवसभर त्यावर भाऊ जिनिंगवाल्यांशी बोलणार. म्हणून मी मेल लिहून ठेवायचे आणि संध्याकाळी सहाला भाऊ घरी जायला उठले की दहा मिनिटं लाइन इंटरनेटला. जाणारे मेल जायचे, येणारे यायचे. तारेतून चिरका आवाज निघायचा, तो थांबला की मी खुर्ची सरकवायचे. सव्वासहाला हिवऱ्याची एसटी असायची.

तो मोठा फोटो त्या लाइनीतून जाणं शक्यच नव्हतं. दहा मिनिटांत त्याचा शेपटाएवढा भागसुद्धा जात नसेल. पहिलाच मेल दारात अडकला आणि त्यामागे चाळीस जण रांगेत उभे. रोज संध्याकाळी एक चौकट यायची, इंग्रजीत काहीतरी आकडे, आणि मी एसटीकडे डोळा ठेवून ओके दाबायचे. अशी चौकट कशावरही यायची; पंखा लावला तरी यायची. महिनाभर मी ओके दाबलं. त्या महिन्यात पंचफुला तीनदा येऊन गेली. "काही आलं का वं?" मी मेल उघडायचे, वर-खाली करायचे, म्हणायचे, "अजून नाही. तक्रार पोचली आहे, माणूस पाहणीला येईल. पीक उभं ठेवा." पीक उभं ठेवा हे माझं शहाणपण नव्हतं, नियमच तसा. पऱ्हाटी उपटली की तक्रार संपली. उभ्या पिकाचीच पाहणी होते.

दिवाळीच्या आठवडाभर आधी मी पहिल्यांदा ती चौकट नीट वाचली. मग आउटबॉक्स उघडला. एकेचाळीस. काळ्या ठळक अक्षरात. मला आठवतं, मी पहिल्यांदा हळूच मागे वळून पाहिलं, कोणी बघतं का. पहिला मेल काढून टाकला असता तर बाकीचे चाळीस दहा मिनिटांत गेले असते. फोटो लहान करून तिचाही गेला असता. अजून पऱ्हाटी उभी होती, सगळं होण्यासारखं होतं. पण त्याच सकाळी मी तिला सांगितलं होतं की कंपनीने तक्रार वाचली आहे. वाचली आहे, असं! कोणी विचारलंही नव्हतं, माझ्याच जिभेला चेव आला. आता पाठवलं तर तारखा दिसणार, कोणीतरी विचारणार, महिनाभर काय करत होतीस? भाऊ काढून टाकतील. उद्या बघू म्हटलं. उद्या दिवाळीची गडबड. परवा भाऊबीज. मग मला वाटायला लागलं की कंपनी नाहीतरी कुठे येणार होती? कोणाच्या तक्रारीला कधी आली? हे वाक्य मला फार उपयोगी पडलं. ते मी इतक्यांदा म्हटलं की त्याला माझ्या तोंडाचा वास लागला. डिसेंबरात मी कॉम्प्युटरवर दुसरं नाव उघडलं, जुन्याला पासवर्ड घातला, कुलूप लावलं आणि भाऊंना सांगितलं, जुन्यात व्हायरस आहे, कोणी हात लावू नका. भाऊ व्हायरसला देवीच्या रोगाइतके भितात. त्यांनी तीन वर्षं तिकडे पाहिलं नाही.

आणि जानेफळात एकेचाळीस घरांनी पऱ्हाटी उभी ठेवली. बाकीच्यांनी नोव्हेंबरात उपटून हरभरा पेरला, गहू पेरला. या एकेचाळीस घरांनी पेरला नाही, कारण पंचफुला दारोदार जाऊन सांगत होती, मेहकरच्या म्याडमनं सांगतलं, कंपनीचा मानूस येऊन राह्यला, उपटू नोका. संक्रांत आली तरी ती बिनबोंडाची झाडं वाऱ्यावर खुळखुळत उभी. हे मी डोळ्यांनी पाहिलं नाही, पण एसटीत ऐकलं. दोन बाया बोलत होत्या. तेव्हापासून गाव तिला कंपनीवाली म्हणतं. बचतगटात ती बोलायला उठली की कोणीतरी म्हणतं, बसा, कंपनी येईल तवा बोला. तिच्या पुतणीच्या लग्नात तिला अक्षता वाटायला सांगितलं आणि कोणीतरी म्हणालं, हिच्या हातची अक्षता उगवायची नाई. हे तिनेच मला सांगितलं, दुकानातल्या पोत्यावर बसून, हसत. मेथीची जुडी माझ्या टेबलावर ठेवत. मला त्या मेथीचा इतका राग आला की घरी जाताना मी ती एसटीच्या खिडकीतून फेकली.

"ताई, इकडे पाहा," गनीभाईंनी हाक मारली. मी गेले नाही, बसल्या जागेवरून पाहिलं. त्यांनी कॉम्प्युटर बंद करून एक बटण दाबून धरत पुन्हा सुरू केला होता, पडदा मोठ्या बेढब अक्षरांत आला होता, आणि फोल्डरच्या पोटात शिरून त्यांनी एक पान उघडलं होतं. "इथं मालकाचं नाव असते. पाहा, नाव नाई, नुसता नंबर हाये. जुन्या मशिनीले अर्पिता मालूम होती. हा नवा तुम्हाले वयखत नाई. म्हनून कोनालेच आत घेत नाई." "मग?" "मंग काही नाई. मालकी बदला लागते. ज्याच्या हाती मशीन, तो मालक." इतकं सोपं! तीन वर्षांचं माझं कुलूप, आणि हा साखरखेर्ड्याचा म्हातारा मालकाचं नाव बदलून आत जाणार. मला वाटलं, टेबलाखालची वायर पायाने ओढावी. वाटलं, चहाचा कप डिस्कवर उपडा करावा. यातलं काहीच केलं नाही. काही न करण्यात माझा हात कोणी धरणार नाही. "आत वैयक्तिक आहे माझं," मी म्हणाले, आवाज माझ्या मनात होता त्याहून बारीक निघाला. त्यांनी चष्मा काढला. "ताई, तीस वर्षं टाइपरायटर केले. रुळावर सारं उमटते. घटस्फोटाचे कागद, वारसाची भांडनं, कोनी कोनाले काय लिवलं. आमच्या उस्तादनं पहिल्या दिवशी सांगतलं, बेटा, मशीन पाह्यची, कागद नाई पाह्यचा. मी कागद पाहत नाई." त्यांनी हे इतकं सरळ सांगितलं की मला त्यांचा अजून राग आला. शिव्या दिल्या असत्या तर चाललं असतं.

चौकट आली नाही. फोल्डर उघडला. पिवळी पाकिटं एका डिस्कवरून दुसऱ्या डिस्कवर उडताना दिसायला लागली, खाली लिहून आलं, आणखी अकरा मिनिटं. दुकानात फवाऱ्याच्या औषधांचा तोच जुना गोडसर वास, रस्त्यावर रिक्षांचे हॉर्न, भाऊ गल्ल्यावर बसून कोणाशी तरी वाद घालत होते. मी अकरा मिनिटं त्या पाकिटांकडे पाहत बसले. कॉपी झाली की काय होणार हे मला माहीत होतं, आणि गनीभाईंना माहीत नव्हतं. मागच्या महिन्यात दुकानात ब्रॉडबँड आलं होतं. नवा कॉम्प्युटर दिवसभर इंटरनेटला जोडलेला. जुनी लाइन ज्याला हात लावायला थकायची, तो फोटो ही लाइन चहा पिता पिता ओढून नेणार. मी एवढंच म्हणायला हवं होतं की तो कप्पा सोडून बाकीचं घ्या. वाक्य पाच शब्दांचं होतं. ते न म्हणता मी हरभऱ्याच्या यादीत पुढचं नाव लिहिलं.

त्यांनी मेल उघडला. २००५ पासूनचं सगळं डाव्या बाजूला ओळीने उभं राहिलं. आणि त्याच क्षणी, त्यांनी बटण दाबायच्या आधीच, खाली एक निळी पट्टी सरकायला लागली. एकेचाळीसपैकी पहिला मेल जात आहे. गनीभाई पट्टीकडे पाहत राहिले. पट्टी मुंगीच्या पावलाने चालली होती. पहिला मेल तोच, थैलीचा. त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. माझ्या तोंडावर काय दिसलं असेल देव जाणे. त्यांचा हात कॉम्प्युटरच्या मागे गेला, जिथे इंटरनेटची वायर खोचली होती, आणि तिथेच थांबला. "हे जाऊन राह्यलं ताई," ते हळू म्हणाले, भाऊंना ऐकू जाणार नाही इतकं हळू. "थांबवू का?" मी त्यांच्या बोटांकडे पाहिलं. नखांत शाई. इतक्या वर्षांनीही नखांतली टाइपरायटरची शाई गेलेली नव्हती. निळी पट्टी अर्ध्यावर आली. त्यांनी अजून जरा वाट पाहिली. मग वायरवरचा हात काढून घेतला, मांडीवर ठेवला, आणि पडद्याकडे पाठ करून बसले. पहिला गेल्यावर बाकीच्यांना वेळ लागलाच नाही. दोन, सात, एकोणीस, चौतीस. आउटबॉक्स रिकामा. तीन वर्षांत मी तो कप्पा रिकामा पाहिला नव्हता.

आणि दोन मिनिटांत उत्तर आलं. एकाच वेळी एकेचाळीस. टुण टुण टुण असा आवाज होत राहिला, भाऊंनी गल्ल्यावरून मान वळवली. मी पहिला उघडला. मेल परत आला होता. या पत्त्यावर कोणी नाही. तो पत्ता बंद. कंपनी म्हणे मागच्याच वर्षी दुसऱ्या कोणीतरी विकत घेतली होती, हे मला नंतर कळलं. तेव्हा पडद्यावर एवढंच होतं की असा कोणी इथे नाही. मला हसू फुटलं. बघा, म्हटलं ना मी? येणारच नव्हती कंपनी! तीन वर्षं तोंडात घोळवलेलं वाक्य आता छापून हातात आलं होतं, एक नाही, एकेचाळीस वेळा. भाऊ येऊन खांद्यावरून वाकले. "काय वं हे इतले?" "जुन्या तक्रारी, भाऊ. जानेफळच्या. कंपनीचा पत्ताच बंद आहे." भाऊंनी तारीख पाहिली नाही. ते तारखा पाहत नाहीत, ते फक्त भाव पाहतात. "हरामी साले," ते म्हणाले. "मी तवाच सांगत होतो, कंपनीच खोटी. छापून ठेव एक. कोनी इचारलं त तोंडावर फेकून मारता येते. आन माहं पत्र?" गनीभाईंनी त्यांचं पत्र काढून दिलं. भाऊ इतके खूश झाले की त्यांनी तिघांना भजी मागवली.

भजी आली तेव्हा पंचफुलाही आली. हरभऱ्याचं बियाणं न्यायला, दरवर्षीसारखी. आता ती पऱ्हाटी लावत नाही. तिला दारातच भाऊंनी गाठलं. "या, या मावशी. तुमचं उत्तर आलं बरं!" तिच्या हातातली पिशवी खाली गेली. "कोनाचं?" "कंपनीचं. कंपनीच डुबली. पत्ताबित्ता सारा बंद. आमच्या म्याडमनं पाठवलं होतं, त्याईनंच घेतलं नाई. कागद आला तसा." पंचफुला माझ्या टेबलापर्यंत आली. तिच्या चेहऱ्यावर मला आनंद दिसला, आणि मी जी दगड होऊन बसले होते ती आतून हलले. "कागद हाये? छापलेला?" "आहे," मी म्हणाले. "त मले दे वं माय. गावात दाखवीन. तीन सालं झाले मले लोक खोटारडी म्हनून राह्यले. कागद दाखवला त समजते सर्व्याईले, मी बोलली होती ते खरं होतं, म्याडमनं धाडलं होतं, कंपनीनंच दगा देल्ला." छपाईयंत्रातून कागद अर्धा बाहेर लोंबत होता. मी तो ओढून दिला असता की झालं होतं. तिची अब्रू परत येणार होती. माझी कधी गेलीच नव्हती. कंपनी बुडालेली, ती तक्रार करायला येणार नव्हती. कोणाचंच नुकसान नव्हतं, सगळ्यांचं भलं होतं, आणि तो कागद घेऊन ती जानेफळच्या पारावर उभी राहिली असती, माझं नाव घेत. चांगलं नाव घेत. गनीभाई भजी न खाता स्क्रू एका डबीत भरत होते, माझ्याकडे न बघता. कागद बघत नाहीत म्हणे. मग माझ्याकडे तरी बघा ना!

मी कागद ओढला. तिच्या हातात दिला नाही. त्यावर खालच्या बाजूला तिचाच मेल होता, तिचं नाव, गट नंबर, आणि त्यावर तारीख, सप्टेंबर २००६. वरच्या बाजूला आजची तारीख. तिला वाचता येत नाही. कोणाला तरी येईल. पण मी त्यामुळे बोलले नाही. कशामुळे बोलले ते मला आजही नीट सांगता येत नाही. कदाचित तिने हात पुढे केला होता आणि त्या हाताला मेथीचा वास येत होता, एवढंच. तोंड उघडलं तेव्हा पुण्याची भाषा आलीच नाही. "मावशी," मी म्हणाले, "हे आज गेलं. आत्ता, घंटाभरापयले. तवा गेलंच नोतं. तुमचा थैलीचा फोटू मोठा होता, तो अटकला, त्याच्यामांगं सारेच अटकले. मले दिवाईच्या पयलेच समजलं. तवा पऱ्हाटी उभी होती. धाडता येत होतं. मी धाडलं नाही. कोनाले सांगतलं नाही. तुम्ही इचारलं तवा खोटं सांगतलं. कंपनीले काहीच मालूम नोतं मावशी. तुमचा कागद इथंच होता."

भाऊंचा घास तोंडात तसाच राहिला. बाहेर कोणीतरी ट्रॅक्टर चालू केला आणि बंद केला. मी तिच्या हाताकडे पाहत होते, की ती मारेल. मारावं असं मला वाटत होतं, गालावर, सगळ्यांदेखत, म्हणजे संपलं असतं. ती ओरडलीसुद्धा नाही. ती हळूच खाली बसली, त्याच पोत्यावर ज्यावर ती नेहमी बसायची, आणि कोपऱ्यात ठेवलेल्या जुन्या कॉम्प्युटरकडे पाहू लागली. त्याचं झाकण काढलेलं होतं, आत धूळ आणि लोंबणाऱ्या वायरी. तिने एकदा तिकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. तिच्या कपाळावर आठी पडली, हिशेब लागत नसला की पडते तशी. तिला राग आलेला नव्हता, निदान तेव्हा तरी. तिला खरंच समजून घ्यायचं होतं.

"मंग मी येत होती तवा," तिने विचारलं, "दर खेपी तू त्याच्यात इतला येळ काय पाहत होती वं?"